अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट (सीआरएनए) व्हायचं असेल तर: आयसीयू, पैसा, व्हिसा आणि खाचखळगे

रानजाई

नर्सिंगच्या जुन्या धाग्यावर सीआरएनएबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येत होते, म्हणून हा वेगळा धागा. खालचं सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात हे पद नाही, त्यावर कुणी जाणकाराने लिहिलं तर उत्तम.

सीआरएनए म्हणजे आधी नोंदणीकृत नर्स (आरएन), मग आयसीयूचा अनुभव, मग भूलशास्त्रातली डॉक्टरेट आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. काम पूर्ण भुलीचं: पेशंटची आधीची तपासणी, भूल देणं, ऑपरेशनभर सांभाळणं, शुद्धीवर आणून रिकव्हरीत सोपवणं. मणक्यातली भूल, एपिड्यूरल, नर्व्ह ब्लॉक हेही त्यात आलं. हे काही नवं खूळ नाही. मेयो बंधूंच्या रॉचेस्टरमध्ये ॲलिस मॅगॉ या नर्सने ईथर-क्लोरोफॉर्मच्या चौदा हजारांवर भुली एकही मृत्यू न होता दिल्या आणि १९०६ साली तो आढावा छापला. राष्ट्रीय संघटना १९३१ पासून आहे.

वाट अशी. बीएसएन (नर्सिंगची पदवी) चार वर्षं. दुसऱ्या विषयातली पदवी हातात असेल तर ॲक्सिलरेटेड बीएसएन १२ ते १८ महिन्यांत होतं. मग एनसीएलेक्स-आरएन (नर्सच्या परवान्याची परीक्षा). मग आयसीयूत किमान एक वर्ष पूर्णवेळ. नियमात एकच वर्ष आहे, पण प्रवेश मिळालेल्यांचा अनुभव बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो. मधल्या काळात सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सिंगच्या प्रमाणपत्राची) परीक्षा. मग डीएनपी किंवा डीएनएपी, म्हणजे ती डॉक्टरेट. जानेवारी २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्सची वाट बंद झाली. आता डॉक्टरेटच, किमान ३६ महिने. त्यात किमान ६०० केसेस आणि २,००० क्लिनिकल तास. शेवटी एनसीई, म्हणजे ती राष्ट्रीय परीक्षा: संगणक उत्तरांप्रमाणे प्रश्न कठीण-सोपे करत जातो, १०० ते १७० प्रश्न, तीन तास.

अर्ज प्रवेशाच्या साधारण वर्षभर आधी करायचा असतो. हे लक्षात न घेतल्याने अख्खं वर्ष हातचं जातं. बारावीनंतर सरळ गेलं तरी नऊ-दहा वर्षं धरा.

मार्कांचं: कागदावर ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) चालतो. प्रत्यक्षात समिती आधी शास्त्र विषयांचा जीपीए वेगळा काढून बघते: रसायनशास्त्र, शरीरक्रिया, पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स. ऑरगॅनिकमध्ये 'सी' असेल तर तोच विषय पुन्हा घेऊन 'ए' आणलेला चांगला दिसतो. निबंधात सबबी लिहून काही होत नाही. काही शाळा पाच-दहा वर्षांपूर्वीचे शास्त्र विषय धरतच नाहीत.

---

ताक_फुंकून

छान सविस्तर. दोन शंका. आयसीयूच का? इमर्जन्सीत पण ट्यूब टाकतात, ड्रिप चालवतात. आणि कुठलाही आयसीयू चालतो का?

---

अबोली_के

इमर्जन्सी बहुतेक शाळांना चालत नाही, आणि त्याला कारण आहे. इमर्जन्सीत पेशंट वीस मिनिटांत स्थिर केला की वर पाठवतात. भुलीत लागतं ते त्याच्या पुढचं: तोच पेशंट बारा तास हाताखाली, दर मिनिटाला बदलणारं ब्लड प्रेशर, आणि औषध कमी-जास्त केलं की शरीर काय उत्तर देतं ते पुन्हा पुन्हा पाहणं. मान्यता देणाऱ्या संस्थेची क्रिटिकल केअरची व्याख्याही अशीच आहे: शरीरात घातलेल्या लाइनींवरचं मॉनिटरिंग, व्हेंटिलेटर आणि रक्तदाबाचे ड्रिप हे नेहमीचं काम असलं पाहिजे. रिकव्हरी रूम, कॅथ लॅब, स्टेप-डाउन, टेलिमेट्री या जागा बहुतेक ठिकाणी बाद. नवजात शिशूंचा आयसीयू काही शाळा धरतात, काही नाही. अर्जाआधी लेखी विचारा.

कुठला आयसीयू? हृदयशस्त्रक्रियेचा आणि सर्जिकल आयसीयू सगळ्यांना आवडतो. मोठ्या रुग्णालयातला मेडिकल आयसीयूही उत्तम, सेप्सिस (संसर्गाने अवयव ढेपाळणं) आणि एआरडीएस (फुफ्फुसं निकामी होणं) तिथेच शिकायला मिळतं. फसगत होते ती छोट्या गावातल्या 'आयसीयू'त. पाटी आयसीयूची, पण व्हेंटवरचा पेशंट दोन तासांत हेलिकॉप्टरने शहरात. नोकरीच्या मुलाखतीतच विचारून घ्या: एका वेळी किती पेशंट व्हेंटवर असतात, आर्टेरियल लाइन (रक्तदाबासाठी धमनीत घातलेली नळी) रोजची की क्वचित, प्रेसर (रक्तदाब चढवणारं औषध) नर्स स्वतः ऑर्डरच्या मर्यादेत वर-खाली करते की प्रत्येक वेळी फोन, सीआरआरटी (सलग चालणारं डायलिसिस) युनिटमध्येच चालतं का. यातल्या दोनाची उत्तरं 'नाही' आली तर ती नोकरी पगारासाठी घ्या, अर्जासाठी नाही.

सीसीआरएनला बसायला दोन वर्षांत १,७५० तास लागतात, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. म्हणजे पूर्णवेळ नोकरीत वर्ष उलटताच तास भरतात, पण परीक्षेची नोंदणी आणि अर्जाची मुदत एकमेकांवर येतात. तारखा भिंतीवर लावा.

---

ताक_फुंकून

मुलाखतीत काय विचारतात? की नुसतं 'तुम्हाला हेच का व्हायचंय'?

---

अबोली_के

ते विचारतातच, पण खरी चाळण क्लिनिकल प्रश्नांची. नेहमीच्या ठेवणीतला एक प्रश्न उलगडून सांगते.

'सेप्टिक शॉकचा पेशंट, नॉरएपिनेफ्रिन ०.३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, तरी एमएपी (सरासरी रक्तदाब) ५४. काय कराल?'

'डॉक्टरांना कळवीन' हे उत्तर चुकीचं नाही, पण तिथेच थांबलात तर मुलाखत संपली. 'व्हासोप्रेसिन लावू' हेही घाईचं. आधी आकडा खरा आहे का बघा: ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीला आहे का, झीरो केलाय का, लाट दबलेली दिसतेय का, कफचं प्रेशर काय सांगतं. ट्रान्सड्यूसर पलंगाच्या वर चढला तर प्रेशर खोटं कमी दिसतं, खाली लोंबकळला तर खोटं जास्त. १० सेंटिमीटरला साधारण साडेसात एमएम. मग ड्रिप पेशंटपर्यंत पोचतोय का, लाइन दुमडली आहे का, पिशवी संपत आलीय का. मग कारण: पाणी कमी, रक्तस्राव, हृदय ढेपाळलंय, ॲसिडोसिस, छातीत हवा. त्यानंतर औषध: व्हासोप्रेसिन ०.०३ युनिट प्रति मिनिट, ठरलेल्या डोसवर, आणि सेप्टिक शॉकमध्ये हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम. हृदयाची गती-ताकद कमी असेल तर इको बघून पुढचं. हा क्रम तोंडातून आला की परीक्षकाला कळतं, समोरचा माणूस मॉनिटरवरचा आकडा वाचत नाही, पेशंट वाचतो.

दुसरा लाडका प्रश्न: फिनाइलएफ्रिन दिलं आणि नाडी ९० वरून ४८ वर आली, का? नुसतं अल्फा (रक्तवाहिन्या आवळणारं) औषध, रक्तवाहिन्या आवळल्या, प्रेशर चढलं, बॅरोरिसेप्टरने (शरीरातल्या दाब ओळखणाऱ्या यंत्रणेने) नाडी उतरवली. पुढची पायरी: अशा पेशंटला प्रेशरही कमी आणि नाडीही कमी असती तर काय निवडलं असतं? एफेड्रिन. इथपर्यंत जाता आलं पाहिजे.

---

गुंगीवाला

भारताची बाजू मी लिहितो, भूलतज्ज्ञ म्हणून.

आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे: एमडी, डीएनबी किंवा डीए. नर्सने किंवा तंत्रज्ञाने स्वतंत्रपणे भूल देण्याचं कुठलंही पद नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीमधून (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) भुलीचे तंत्रज्ञ तयार होतात. मशीन, सिलिंडर, सर्किट, औषधांची मांडणी, अडचणीच्या वेळी दुसरा हात. काम मोलाचं, पण ते सीआरएनए नव्हे, आणि त्या पदवीवर अमेरिकेतल्या सीआरएनए शाळेत प्रवेश मिळत नाही. 'ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी करा आणि अमेरिकेत कोटी कमवा' अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. सरळ पान उलटा. नर्सिंग काउन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे, तोही आयसीयूसाठी. भुलीचा अधिकार त्याने मिळत नाही.

आणि एक मतभेदही नोंदवतो. १९०६ चा आकडा उगाळून आज काही सिद्ध होत नाही. ईथर सावकाश चढायचं, सावकाश उतरायचं, पेशंट स्वतः श्वास घेत असायचा. आज आपण पेशंटचा श्वास ३० सेकंदांत थांबवतो. एकट्या नर्सने अवघड पेशंट घ्यावा का, हा प्रश्न अमेरिकेतही मिटलेला नाही.

---

रानजाई

मिटलेला नाही, कबूल. पण '६०० केसेसचं शिक्षण' म्हणजे नर्सने बाटली धरून उभं राहणं असा समज व्हायला नको. त्या ६०० च्या पोटात वेगवेगळे किमान आकडे आहेत: २५० वेळा ट्यूब टाकणं, २५ आर्टेरियल लाइन, ३० बाळंतपणाच्या केसेस (त्यात किमान १० सिझेरियन), दोन वर्षांखालची १० मुलं, दोन ते बारा वयाची ३०. बहुतेक विद्यार्थी ६०० च्या बरंच पुढे जातात.

मतभेदापेक्षा धाग्यावरच्यांना उपयोगी ते सांगते, कारण नोकरी निवडताना हेच नडतं. कामाचे तीन साचे आहेत.

एक, मेडिकल डायरेक्शन. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर एका वेळी जास्तीत जास्त चार खोल्या बघतो. मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) सात अटी असतात: आधीची तपासणी त्याने केली पाहिजे, योजना त्याने ठरवली पाहिजे, भूल चढताना आणि उतरताना गरजेप्रमाणे तो खोलीत हवा, वगैरे. बिल दोघांत अर्धं-अर्धं. मोठी शहरी रुग्णालयं बहुधा अशीच. ब्लॉक आणि सेंट्रल लाइन डॉक्टर किंवा रेसिडेंट घेऊन जातात आणि सीआरएनएचा हात तीन-चार वर्षांत गंजतो. पहिल्या नोकरीत हे विचाराच.

दोन, सुपरव्हिजन किंवा 'कोलॅबोरेटिव्ह'. डॉक्टर हाकेच्या अंतरावर, पण प्रत्येक खोलीत नाही.

तीन, फक्त सीआरएनए. गावाकडची छोटी रुग्णालयं. रात्री तीनला सिझेरियन आलं तर तुम्ही आणि सर्जन, बस. मेडिकेअरच्या देखरेखीच्या अटीतून राज्याला बाहेर पडता येतं, असा नियम २००१ मध्ये आला, आयोवा पहिलं. आता वीसहून जास्त राज्यं बाहेर आहेत. मात्र राज्य बाहेर पडलं म्हणून रुग्णालयाने स्वतःचा नियम सैल केला असेल असं नाही. शब्द शेवटी रुग्णालयाच्या बायलॉजचा (अंतर्गत नियमांचा).

शिकून बाहेर पडल्याबरोबर तिसऱ्या साच्यात उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गुंगीवाला सरांशी एवढ्यापुरतं एकमत.

---

मोडी_लिपी

पैशाचं कुणी बोलेना, म्हणून मी.

अमेरिकन श्रम खात्याचे मे २०२३ चे मध्यम वार्षिक पगार: साधी आरएन ८६,०७० डॉलर, नर्स ॲनेस्थेटिस्ट २,१२,६५०. हा दुसरा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो. पहिला फिरत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच आहे. शिक्षणाची तीन वर्षं बहुतेक शाळा नोकरी करू देत नाहीत किंवा करणं जमत नाही. म्हणजे बुडालेला पगार करापूर्वी अडीच लाखांच्या वर. त्यावर फी: सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला लाखाच्या आत बसू शकते, खासगीत दोन लाखांच्या पुढेही जाते.

कर्जाचा नियम बदललाय, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणाचं एक संघीय कर्ज) बंद. साध्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला संघीय कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाखाच्या मर्यादेत. 'प्रोफेशनल' पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. शिक्षण खात्याने मांडलेल्या प्रोफेशनलच्या व्याख्येत नर्सिंग नाही, त्यावरून बराच गदारोळ झाला. थोडक्यात, दीड लाखाच्या फीतला मोठा तुकडा खासगी कर्जातून येणार असं धरून चाला. शाळेच्या फायनान्शियल एडला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

---

ताक_फुंकून

म्हणजे फी दीड लाख, बुडालेला पगार अडीच लाख, तीन वर्षांचं घरभाडं-खाणं लाखभर. पाच लाखांचा खड्डा?

---

मोडी_लिपी

घरभाडं दोनदा मोजलंत. ते नोकरी करत असतानाही पगारातूनच गेलं असतं, म्हणजे बुडालेल्या पगारात ते आलंच. फी दीड लाख अधिक करानंतरचा बुडालेला पगार सुमारे दोन-सव्वादोन लाख. पगारातली वाढ करानंतर वर्षाला ऐंशी-नव्वद हजार. व्याज वगळून चार ते पाच वर्षांत खड्डा भरतो. तिसाव्या वर्षी हा सौदा उत्तम. पंचेचाळिशीत, घराचा हप्ता आणि मुलांचं कॉलेज डोक्यावर असताना, कागद-पेन घेऊन बसा. ज्याचं त्याचं गणित.

एक छोटी पण महागडी गोष्ट: त्या तीन वर्षांत आरोग्य विमा. जोडीदाराच्या नोकरीतून नसेल तर तो खर्च वेगळा धरा.

आणि नोकरीच्या वेळी तासाचा मोठा दर दाखवून १०९९ चं कंत्राट (पगारी नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार) देतात. तिथे स्वयंरोजगार कर १५.३ टक्के (सोशल सिक्युरिटीचा भाग एका मर्यादेपर्यंतच), विमा, सुट्ट्या, रिटायरमेंट सगळं तुमचं. गैरव्यवहाराच्या दाव्याचा विमा 'क्लेम्स-मेड' आहे की 'ऑकरन्स' ते बघा. क्लेम्स-मेडमध्ये नोकरी सोडल्यावर जुन्या केसवर दावा आला तर 'टेल' (नंतर येणाऱ्या दाव्यांचं विमा संरक्षण) विकत घ्यावी लागते, आणि ती कोण भरणार हे कंत्राटात लिहिलेलं नसेल तर ती तुम्हीच भरणार.

---

पळसफूल

महाराष्ट्रातून जीएनएम, सध्या आखातात आयसीयूत. एनसीएलेक्स पास. मला थेट अर्ज करता येईल का? आणि इथला आयसीयू अनुभव धरतात का?

---

रानजाई

ताई, थेट नाही. जीएनएम ही पदविका, आणि शाळांना पदवी लागते. दोन मार्ग: पोस्ट बेसिक बीएस्सी करून ये, किंवा अमेरिकेत आरएनचा परवाना मिळाल्यावर नोकरी सांभाळून ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन कर. दुसरा मार्ग मला जास्त सोयीचा वाटतो: त्यात स्टॅटिस्टिक्ससारखे विषय अमेरिकन ग्रेडने होतात आणि जुन्या गुणपत्रिकेवर नवा जीपीए चढतो. रसायनशास्त्र मात्र वेगळं घ्यावं लागेल, जीएनएममधलं कुणी धरणार नाही.

परदेशातला अनुभव: बहुतेक शाळा अमेरिकेतल्या आयसीयूतलं किमान एक वर्ष मागतात. शिफारसपत्रातलं एक सध्याच्या नर्स मॅनेजरचं लागतं, तेही तिथलंच असेल तर वजन पडतं.

आणि एनसीएलेक्स पास म्हणजे परवाना नव्हे, व्हिसाही नव्हे. नर्सचं ग्रीन कार्ड ईबी-३ मधून (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा एक वर्ग). नर्सना लेबर सर्टिफिकेशन (स्थानिक माणूस मिळत नसल्याचा दाखला) लागत नाही (शेड्यूल ए नावाची सूट), त्यामुळे एजंट 'फास्ट' म्हणतात. कागद लवकर भरले जातात एवढंच. भारतात जन्मलेल्यांची रांग तीच, दहा वर्षांच्या वरची. नवऱ्याचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाची रांग धरता येते, तो अपवाद. एजंटशी करार करताना, मध्येच सोडलं तर दंड किती हे कलम आधी वाच.

---

टेक्सासकर

रांगेचा विषय निघालाच आहे तर. मुलगी एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), बारावीत, हुशार, सीआरएनएच व्हायचं म्हणते. आमचं ग्रीन कार्ड तिच्या एकविशीच्या आत येण्याची शक्यता नाही. तिने नर्सिंग घ्यावं का?

---

रानजाई

हा प्रश्न आपल्या लोकांत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात उशिरा विचारला जातो. तुम्ही वेळेत विचारलात.

एच-४ वर शिकता येतं. पण एच-४ चा वर्क परमिट फक्त जोडीदाराला मिळतो, मुलांना नाही. म्हणजे कॉलेजात असताना नर्सिंग असिस्टंटची नोकरी तिला करता येणार नाही. वर्गमैत्रिणी करतील आणि त्याच युनिटमध्ये चिकटतील. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ ला (विद्यार्थी व्हिसाला) बदल. पदवीनंतर ओपीटी (एफ-१ वर शिकलेल्याला काम करायची परवानगी) बारा महिने. नर्सिंग स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत) नाही, त्यामुळे पुढचे २४ महिने नाहीत. आणि साध्या बेडसाइड नर्सला एच-१बी जवळजवळ मिळत नाही, कारण आरएन व्हायला पदवी अनिवार्य नाही. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही होता येतं.

आता मांडा. ओपीटी बारा महिने. त्यातच एनसीएलेक्स, परवाना, नोकरीचा शोध. नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. आयसीयूचं ओरिएंटेशन तीन-चार महिने. एक वर्षाचा अनुभव पुरा व्हायच्या आत ओपीटी संपतं. वर, बऱ्याच शाळांना अर्जाच्या दिवशीच वर्ष पूर्ण लागतं. सुई ओवता येते, पण तिचा हात कधीच थरथरायला नको.

गंमत म्हणजे पलीकडचं टोक सोपं आहे: सीआरएनए झाल्यावर एच-१बी साठी पद पात्र ठरतं, आणि विद्यापीठाशी संलग्न ना-नफा रुग्णालयांना लॉटरीही नाही. अडतं ते मधल्या वर्षी.

उलट जोडीदाराचं: नवरा किंवा बायको एच-१बी वर आणि आय-१४० (ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्याचा अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडीवर (वर्क परमिटवर) बीएसएन, आयसीयू, पुढचं सगळं रीतसर होतं. त्यांनी फक्त ईएडीच्या नूतनीकरणावर डोळा ठेवायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ बंद झाली आहे. कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी कामावर नाही. परवानगी मिळते तितक्या लवकर, म्हणजे सहा महिने आधी, अर्ज टाका.

---

टेक्सासकर

डोळे उघडले. वकिलाशी बोलतो. तोवर एक: हे काम तिला झेपेल, आवडेल, हे आधी कसं कळणार? तिच्या डोक्यात फक्त पगार आणि स्क्रब्ज.

---

अबोली_के

शॅडोइंग, म्हणजे काम करणाऱ्याच्या सोबत राहून बघणं. रुग्णालयाच्या व्हॉलंटियर कार्यालयाला नाही, थेट भूल विभागाच्या समन्वयकाला ईमेल करा. लसीकरणाची नोंद आणि गोपनीयतेचा छोटा कोर्स मागतील. एक दिवस नको, निदान दोन वेगळ्या जागा: एक रोजच्या हर्निया-गॉलब्लॅडरची, एक मोठ्या केसेसची.

काय बघायचं ते सांगते, नाहीतर मुलं सर्जनकडेच बघत बसतात. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी अर्धा-पाऊण तास सीआरएनए खोलीत काय करते ते बघा. मशीनची तपासणी: गळती, ऑक्सिजन सेन्सर, सोडा लाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) रंग, व्हेपोरायझर भरलेला. मशीनच्या मागचा सिलिंडर उघडून दाब बघितला का? ई सिलिंडर भरलेला असताना सुमारे २,००० पीएसआय आणि ६६० लिटर. १,००० दिसला तर ३३० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने अर्धा तास. बघून पुन्हा बंद केला पाहिजे. उघडा राहिला तर भिंतीतला दाब पडल्यावर तो गुपचूप संपतो आणि अलार्म वाजतो तेव्हा हातात काही नसतं. ॲम्बू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) खोलीत. सक्शन चालू करून, नळी उशीखाली. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि उलटी वर आली की त्याचीच गरज पडते.

मग औषधं. सिरिंजवर रंगीत लेबल: पिवळं प्रोपोफोलसारख्या भुलीच्या औषधांना, निळं ओपिऑइडला, झगझगीत लाल स्नायू सैल करणाऱ्यांना, जांभळं प्रेसरना. रंग बघून उचललं की घात. बाटली, लेबल, मात्रा तिन्ही वाचायच्या. फिनाइलएफ्रिनची बाटली एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅमची असते, आणि शिरेतून द्यायचे असतात १०० मायक्रोग्रॅम. शंभरपट पातळ करायला विसरलं तर काय होईल ते विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच विचारतात.

भूल देताना घड्याळ बघा. मास्क घट्ट धरून तीन मिनिटं ऑक्सिजन. निरोगी माणसाला त्यानंतर श्वास थांबल्यावर सात-आठ मिनिटं मिळतात, खूप लठ्ठ माणसाला तीनसुद्धा नाहीत. ट्यूब गेल्यावर छातीवर स्टेथोस्कोप लागतोच, पण विश्वास ठेवायचा तो कार्बन डायऑक्साइडच्या लाटेवर. लाट सलग येत नाही तोवर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं.

आणि मग दोन तास काहीच घडत नाही. मुलीला विचारा, ते दोन तास कसे गेले. ज्यांना कंटाळा येतो ते फोन काढतात. ज्यांना हे काम जमतं त्यांची नजर दर मिनिटाला मॉनिटर, सर्जिकल फील्ड, सक्शनची बाटली अशी फिरत असते.

---

गुंगीवाला

अबोलीताईंचं सक्शनवालं वाक्य आमच्या रेसिडेंटना वाचून दाखवणार आहे.

एक भर, कारण करिअरच्या धाग्यांवर हे कुणी लिहीत नाही. या व्यवसायात फेंटानिल आणि प्रोपोफोल रोज हाताशी असतं, आणि व्यसनाचा धोका डॉक्टर-नर्स दोघांनाही आहे. उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकायचं असतं. 'तू सही कर, मी टाकते' असं मैत्रीतसुद्धा चालू द्यायचं नाही. अमेरिकेत सीआरएनएंच्या संघटनेची यासाठी मदत हेल्पलाइन आहे. घरात किंवा स्वतःला आधी व्यसनाचा त्रास झालेला असेल तर निवड करण्याआधी हा विचार प्रामाणिकपणे करावा.

---

ताक_फुंकून

अभ्यासात लोक गळतात ते कुठे?

---

अबोली_के

दोन ठिकाणी. पहिलं, पहिल्या दोन-तीन सत्रांत. वायूंचे नियम, फार्माकोकायनेटिक्स, मशीनच्या आतलं प्लंबिंग एकदम येतं, आणि ८० टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच शाळांत प्रोबेशन. युनिटवर सगळ्यात हुशार म्हणून नावाजलेली नर्स इथे पहिल्यांदा मागच्या बाकावर जाते, ते अनेकांना सोसत नाही. दुसरं, क्लिनिकल सुरू झाल्यावर. आठवड्याला सरासरी ६४ तासांची मर्यादा आहे. ती चार आठवड्यांची सरासरी, त्यामुळे एखादा आठवडा वर जातोच. रोज नवा प्रिसेप्टर (कामावर शिकवणारा वरिष्ठ), प्रत्येकाची पद्धत निराळी. काल ज्याची शाबासकी मिळाली त्याच्यासाठी आज बोलणी. काही शाळांची क्लिनिकल साइट दोनशे मैलांवर असते, तिथे भाड्याची खोली स्वखर्चाने. मुलाखतीत उलट प्रश्न म्हणून हे विचारा: साइट कुठे आहेत, ब्लॉक आणि एपिड्यूरल कुठे मिळतात, रेसिडेंट डॉक्टरांशी केसेससाठी ओढाताण असते का, मागच्या तुकडीतले किती पूर्ण झाले, पहिल्या प्रयत्नात किती पास. शेवटचे दोन आकडे शाळांना जाहीर करावेच लागतात.

---

टेक्सासकर

परत आलो. वकिलाने तुमचंच सांगितलं, फक्त जास्त पैसे घेऊन. आता विचारतो, ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट असिस्टंट (सीएए) हा पर्याय कसा? त्याला म्हणे नर्सिंग लागत नाही.

---

रानजाई

तुमच्या मुलीच्या केससाठी तो बघण्यासारखा आहे. कुठलीही पदवी, त्यात प्रीमेडचे विषय (जीवशास्त्र, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स), एमकॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षांपैकी एक, मग २४ ते २८ महिन्यांचं मास्टर्स. मधे नोकरीचं वर्ष लागत नाही, म्हणजे ज्या वर्षी सुई अडत होती ते वर्षच गायब. पदवीसाठी स्टेमचा विषय घेतला तर हातात तीन वर्षांच्या ओपीटीची पर्यायी वाटही राहते, भूल नाही जमली तरी.

वजाबाजू: काम कायम भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या हाताखालीच, स्वतंत्र कधीच नाही. सगळ्या राज्यांत परवानगी नाही; टेक्सासमध्ये डॉक्टरच्या अधिकाराखाली काम करता येतं, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये आज नाही. शाळा मोजक्या, फी खासगी धर्तीची, आणि एफ-१ वर संघीय कर्ज शून्य. खासगी कर्जाला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहस्वाक्षरी करणारा लागतो. काही शाळा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतच नाहीत, तेव्हा बारावीच्या सुट्टीतच यादी काढून प्रत्येकीला एक ओळीचा ईमेल टाका: एफ-१ विद्यार्थी घेता का, आणि आय-२० (एफ-१ साठी शाळेने द्यायचा कागद) देता का. उत्तरं आली की इथे टाका, बाकीच्यांनाही उपयोग होईल.